रिठावरचा दिवा

आमच्या गावात दिवाळीचा पहिला दिवा मारुतीपुढे लागतो, आणि तो आमच्या घरचा असतो. तो लागल्याशिवाय गावात कोणी पणती पेटवायची नाही, असा जुना दंडक. आता तो दंडक कोणी पाळत नाही. दुपार कलते न कलते तोच विजेच्या माळा लुकलुकू लागतात. तरीही धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या घरातले कोणीतरी तबक घेऊन पारावर जाते, जवसाच्या तेलाचा दिवा लावते आणि मुकाट्याने परत येते. गेली काही वर्षे हे ‘कोणीतरी’ म्हणजे मीच. मुले पुण्याला, नातवंडे त्याहून लांब. मी अमरावतीहून एस.टी.ने जातो, सोबत जवसाच्या तेलाची बाटली नेतो आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परततो.

गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात आहे. नाव मुद्दामच सांगत नाही. ज्यांची गोष्ट सांगायची आहे, त्यांची नातवंडे-पतवंडे तिथे नांदत आहेत, आणि आमची अब्रू म्हणाल तर तीही तिथेच आहे.

या दिव्यामागची कथा मी आजोबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती की, मला ती पाढ्यांसारखी पाठ होती. आजोबांना आम्ही आबाजी म्हणत असू. दिवाळीच्या रात्री ओसरीवर घोंगडी अंथरली की ते सुरुवात करीत. त्यांचे आजोबा, म्हणजे माझे खापरपणजोबा, घाटावरून वाशीमकडून खाली पयनघाटात उतरले. एक बैलजोडी, एक बायको आणि बायकोच्या कडेवर एक पोर, एवढाच संसार. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, त्यानंतरची दोन-चार वर्षे असतील. खाली काळी जमीन ओस पडली आहे, कसणाऱ्याला कौल मिळतो, एवढे कुठेतरी कानावर आलेले. पूर्णेच्या मैदानात पोचले तेव्हा दिवाळीची अवस होती. अंधारात बैल एका रिठावर येऊन थांबले. पडकी गढी, एक निंबाचे झाड आणि झाडाखाली शेंदराचा दगड. खापरपणजोबांनी पागोट्याची चिंधी फाडून वात केली, शिदोरीतले तेल घातले आणि त्या दगडापुढे दिवा लावला.

“आन बाप्पा, त्या दिवसापासून या गावात दिवा हाये,” आबाजी समेवर येत. “आपन गाव वसवलं.”

शहरी वाचकांना ‘रिठ’ हा शब्द कदाचित नवा असेल. ज्या गावाची शीव कागदावर आहे, पण जिथे माणूस राहत नाही, ते रिठ. आमच्या वऱ्हाडात महसुलाच्या कागदांत असे रिठ जागोजागी भेटतात. जुन्या दप्तरांत त्याला दुसरा एक शब्द आहे, बेचिराग. चिराग म्हणजे दिवा, तो जिथे लागत नाही ते बेचिराग. आपण मराठीत त्याचे ‘बेचिराख’ केले, आणि राखेशी त्याचे नाते असावे अशी समजूत करून घेतली. मूळ शब्दात आग नाही, राखही नाही. नुसता अंधार आहे.

आमच्या भागात हा अंधार पडायला कारणेही तशीच होती. निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल, म्हणजे दुअंमली, वऱ्हाडने कित्येक वर्षे सोसली. एकाच शेताचा वसूल न्यायला दोन सरकारांची माणसे यायची. त्यात 1803 साल उजाडले. नोव्हेंबरच्या अखेरीस अडगावची लढाई झाली, पंधरा-सोळा दिवसांत गाविलगड पडला, आणि फौजांच्या येण्याजाण्यात पिके तुडवली गेली. त्या साली पाऊसही धड नव्हता. मागोमाग दुष्काळ आला आणि पुढे पेंढारी. गढीच्या भिंती माणसाला वाचवीत नाहीत असे दिसले, की लोक रातोरात गाव सोडत. एकदा गेलेले गाव सहसा परत येत नसे.

अशा जमिनी पुन्हा लागवडीला आणण्यासाठी इस्तावा देण्याची रीत होती. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दरसाल थोडा थोडा चढत जाऊन ठरलेल्या मुदतीत पुरा. खापरपणजोबांनी असाच कौल घेतला. त्यांचे नशीब जोरावर होते असेच म्हणायला हवे. पाच-सहा वर्षे जातात न जातात तो 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला, आणि वऱ्हाडच्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. पाठोपाठ अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करीत आगगाडी 1867 साली नागपूरला पोचली. मोजणीदार साखळ्या घेऊन आले, धुऱ्यांवर दगड रोवले गेले, आणि त्या दगडांच्या आत आमचे नाव चढले. पाटीलकीही आली. घाटावरून बैलजोडी हाकीत आलेल्या माणसाने डोळे मिटले, तेव्हा त्याच्या मागे वाडा होता आणि वाड्याच्या मागे विहीर होती.

त्या विहिरीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

पूर्णेच्या दोन्ही बाजूंचा हा सगळा टापू खारपाणपट्टा. वर काळीभोर जमीन, कापूस आणि ज्वारी पिकवणारी. पण खाली पाणी खारे. हात-दोन हात नव्हे, पुरुषन् पुरुष खोदावे आणि पाणी लागल्यावर तोंड वाकडे करावे. त्या पाण्यात डाळ शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. चार दिवस प्यालेल्या पाहुण्याचे पोट पाचव्या दिवशी बोलू लागते. अशा मुलखात एखादीच विहीर गोडी निघते, आणि ती ज्याच्या दारात त्याच्या घरी मुलगी द्यायला लोक पुढे येतात. आमच्या वाड्यामागची विहीर तशी गोडी होती. ती कशी सापडली याचेही उत्तर आबाजींपाशी तयार असे. मारुतीने खापरपणजोबांना स्वप्नात येऊन जागा दाखवली. दिवा लावला, त्याचे फळ मिळाले.

1899-1900 च्या दुष्काळात सगळा मुलूख होरपळला. 1891 च्या शिरगणतीत वऱ्हाडची वस्ती एकोणतीस लाखांच्या घरात होती, ती 1901 मध्ये साडेसत्तावीस लाखांवर उतरली. एरवी अशा दहा वर्षांत माणसे वाढायची, तिथे ती घटली. गावातल्या खाऱ्या विहिरीसुद्धा तळाला गेल्या, पण आमची हटली नाही. आबाजी तेव्हा सतरा वर्षांचे होते. “काठी घेऊन रातभर इहिरीवर बसो मी,” ते सांगत. मला त्यांच्या धीटपणाचे फार कौतुक वाटे. राखण कोणापासून करायची होती, हे विचारायचे मला कधी सुचले नाही.

ते सुचले 1958 च्या उन्हाळ्यात. मी अकरा वर्षांचा होतो. दोन वर्षांपूर्वी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली होती आणि आमच्या गावचा सारा महारवाडा बौद्ध झाला होता. मेलेली ढोरे ओढणे त्यांनी बंद केले, वेशीवरच्या कामाला येणे बंद केले, आणि गावात एक अवघडलेली शांतता पसरली होती. अशात एका दुपारी त्यांच्यातला सर्वांत वडीलधारा माणूस आमच्या वाड्यावर आला. वय ऐंशीच्या घरात असेल. पूर्वी आला की अंगणात बसे, त्या दिवशी तो सरळ ओट्यावर येऊन बसला. आबाजींनी पाहिले, पण बोलले नाहीत.

“पाटील, पान्याचं बोलाले आलो,” तो म्हणाला. “खारं पिऊन पोरायची पोटं गेली. घरामागं दोन-दोन घागरी तुमच्या इहिरीवरून भरू द्या.”

“इहीर खाजगी हाये,” आबाजी म्हणाले. “सरकारी अशीन तिथं जा. तिथं कोनी ना म्हननार नाई.”

हे उत्तर त्या काळी गावोगाव तयार असे. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून 1927 साली सत्याग्रह झाला होता. पंजाबराव देशमुख जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या. पुढे 1955 साली अस्पृश्यता गुन्ह्याचा कायदाही झाला. पण आमची विहीर सार्वजनिक नव्हती ना! गंमत म्हणजे भाऊसाहेब देशमुखांची तसबीर आमच्या ओसरीवर टांगलेली होती. ते तेव्हा दिल्लीत कृषिमंत्री होते आणि आबाजींना त्यांचा मोठा अभिमान. तसबिरीच्या बरोबर खाली बसून त्यांनी हे उत्तर दिले.

म्हातारा उठला नाही. काठीवर हनुवटी टेकवून म्हणाला, “इहीर कोनं दाखवली थे तुमाले मालूम हाये, पाटील. मले बी मालूम हाये. माह्या आज्यानं सांगतलं मले.”

आणि मग त्याने सांगितले. आवाज न चढवता, एखाद्याला रस्ता सांगावा तसे सांगितले.

गाव उठले तेव्हा सगळे गेले, पण त्याच्या पूर्वजांचे घर फार लांब गेले नाही. शेजारच्या गावाच्या शिवेवर त्यांनी झोपडी टाकली. गावाची शीव कुठून कुठे जाते, कोणत्या नाल्यावर वळते, कोणत्या बाभळीपाशी मोडते, हे सांगणे त्यांचे वंशपरंपरेचे काम. शिवेचा वाद पडला की साक्ष त्यांची निघे. शीव सोडून जाणार कुठे? जाण्यापूर्वी लोकांनी गोडी विहीर दगडमातीने बुजवून टाकली होती, लुटारूंना तळ देता येऊ नये म्हणून. ती जागा या एका घराला ठाऊक होती. बापाने मुलाला दाखवायची, मुलाने नातवाला. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या अवसेला, त्यांच्यापैकी कोणीतरी रिठावर येऊन शेंदराच्या दगडापुढे दिवा ठेवून जाई.

“तुमचा बुढा अवसेच्या राती या रिठावर कसा आला, पाटील?” तो म्हणाला. “मैदानात काई दिसे का? दिवा दिसला म्हनून तं बैलं इकडं वळवले त्यायनं.”

मी आबाजींकडे पाहिले. ते म्हणतील, खोटे आहे. ते म्हणतील, चालता हो. ते काहीच म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने उठले आणि आत गेले. म्हाताराही उठला, माझ्याकडे पाहून “अभ्यास करतं ना रे बावा?” एवढे बोलला, आणि गेला.

आता इथे मला लिहिता आले असते, की दुसऱ्या दिवशी आबाजींनी विहीर सर्वांना खुली केली. तसे घडले नाही. त्या वर्षी दिवाळीला त्यांनी मला तबक देऊन एकट्यालाच पारावर पाठवले आणि रात्री ओसरीवर गोष्ट सांगितली नाही. पुढेही कधी सांगितली नाही. 1961 साली ते वारले. त्याच्या आगेमागे तो म्हाताराही गेला, खारे पाणी पीतच गेला. विहीर आमच्या वडिलांनी खुली केली ती 1972 च्या दुष्काळात, आणि तीसुद्धा उपकार केल्यासारखी. पाटलाने पाणी दिले म्हणून गावाने वडिलांना हार घातला. त्या हाराचा फोटो आमच्याकडे आहे. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा, नुकताच मास्तर झालेला होतो, आणि हार घालताना टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. म्हाताऱ्याचे बोलणे मी विसरलो नव्हतो. पण म्हाताऱ्या माणसांचे काय, प्रत्येक घराची आपली एक गोष्ट असतेच, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पुरावा काय होता?

पुरावा आमच्याच घरात होता. पेन्शनीत निघाल्यावर मला मोडी शिकायचा नाद लागला. वाड्यातली माळ्यावरची पेटी उतरवली. वाळवीने निम्मे दप्तर खाल्ले होते; राहिलेल्यात कौलाच्या वेळच्या खर्चाची एक यादी निघाली. अक्षर पटवाऱ्याचे असावे. बैलाची किंमत, नांगराचा फाळ, बियाणे, कचेरीतल्या शिपायाची खुशी, असे सगळे ओळीने मांडलेले. त्यातच दोन ओळी होत्या. शीव फिरून दाखविली सबब पागोटे एक. विहीर दाखविली सबब जोंधळे चार पायल्या. दोन्ही ओळींपुढे एकच नाव, जातीसकट.

ते वाचून मी बराच वेळ माळ्याखाली बसून राहिलो. मला धक्का बसला तो नावाचा नव्हे. खापरपणजोबांनी काही लपवले नव्हते, याचा धक्का बसला. त्यांनी ज्याचे होते त्याच्या नावावर लिहून ठेवले होते. स्वप्नातला मारुती मागाहून आला, ज्यांना विहिरीवर काठी घेऊन बसायचे होते त्यांच्या सोयीसाठी आला. काठी हाती धरणाऱ्याला जागा दाखवणारा माणूस नको असतो, देव चालतो. सरकारी गॅझेटियर मी पाहिले आहे. आल्फ्रेड लायल यांनी 1870 साली वऱ्हाडचे सिद्ध केलेले, आणि त्यानंतरचेही. लढाया आहेत, पिके आहेत, साऱ्याचे आकडे आहेत. गाव पुन्हा वसताना विहिरीची जागा कोणी दाखवली, हे तिथे असायचे कारण नाही. ते आमच्यासारख्यांच्या पेट्यांत असायचे, आणि पेट्या माळ्यावर.

कागदाची प्रत घेऊन मी गावी गेलो. त्या म्हाताऱ्याचा नातू माझ्याच वयाचा; शाळेत आम्ही एका वर्गात होतो, फक्त एका ओळीत नव्हतो. तोही मास्तरकीच करून निवृत्त झाला आणि गावात परतून घर बांधून राहिला आहे. आम्ही एकमेकांना गुरुजी म्हणतो. त्याच्या ओसरीवर बसून मी त्या दोन ओळी वाचून दाखवल्या.

तो आधी हसला. “चार पायल्या? गुरुजी, गोड्या पान्याचा भाव तुमच्या घरानं तवाच पाडला म्हनायचा.”

मीही हसलो, दुसरे काय करणार? मग त्याने नाव पुन्हा वाचायला सांगितले. मी वाचले. त्याने नातीला हाक मारली, वही आणायला लावली आणि ते नाव तिच्याकडून लिहून घेतले. “आज्यानं सांगतलं अशीन,” तो म्हणाला, “पण तवा आमी पोरं ऐकत कुठं होतो. आमच्या घरात आज्याच्या बापाच्या मागं नाव नाई. कागद ज्याच्या घरी, नाव बी त्याच्याच घरी.”

हे वाक्य मला विहिरीपेक्षा खोल लागले. माझ्या खापरपणजोबांचे नाव सात-बारापासून मारुतीच्या पारावरच्या फरशीपर्यंत सगळीकडे आहे. ज्याने त्यांना शीव आणि पाणी दाखवले, त्याचे नाव त्याच्याच वंशजांना दीडशे वर्षांनी आमच्या खर्चाच्या यादीतून कळावे! ते नाव मी इथे छापलेले नाही. ते छापायचे की नाही, हे आता त्या वहीच्या मालकांनी ठरवायचे.

निघताना मी मनात घोळत असलेली गोष्ट बोललो. म्हटले, यंदाचा पहिला दिवा तुमच्या हातून लागू द्या. मला वाटले होते, तो गहिवरेल. तो शांतपणे म्हणाला, “नाई गुरुजी. आमचा दिवा आता विहारात अस्ते. मारुतीपुढचा तुमीच लावा, थो तुमचा हाये. फक्त गोष्ट बराबर सांगा.”

विहिरीचे म्हणाल तर आता तिचे पाणी कोणालाच नको आहे. शहानूर धरणाचे पाणी नळाने गावात आले. विहिरीवर जाळी टाकली आहे आणि जाळीवर वाळके निंबाचे पान पडत असते. शेवटची शेतीही मी मागेच विकली. गावात माझे म्हणण्यासारखे आता अर्धा पडका वाडा आणि वर्षातून एक संध्याकाळ, एवढेच उरले आहे.

त्या संध्याकाळी मी पारावर दिवा लावला. भोवती चार-पाच पोरे जमली होती, फटाक्यांचे पुडे हातात घेऊन. त्यातल्या एकाने विचारले, “आबाजी, हे गाव तुमच्या बुढ्यानं वसवलं म्हन्तात, खरं हाये का?”

हा प्रश्न मीही याच जागी विचारला होता, आणि त्याचे उत्तर मला पाठ होते. ‘वसवलं’ हा शब्द ओठांपर्यंत आला, पण मी तो गिळला. पोरांना म्हटले, खाली बसा. फटाके बाजूला ठेवा. “गाव आमी वसवलं नाई. आमी इथं येऊन वसलो. अंधार होता, अवस होती, आन लांबून एक दिवा दिसत होता...”